नाकपुड्या मोकळ्या ठेवा

मिस्त्री,

तुमच्या बायकोने परवा फोन करून तुमच्या कामाबद्दल चार ओळी लिहून मागितल्या. पत्रकात छापायच्या आहेत म्हणाली. मी लगेच बसले. 'काम चोख, माणूस सज्जन' एवढं लिहिलं आणि कागद फाडला. असलं माणूस गेल्यावर लिहितात, तुम्ही तर चांगले धडधाकट आहात. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला, चार ओळींत काही तुम्ही मावेनात. शेवटी ठरवलं की जे झालं ते सगळंच लिहायचं, माझ्या शहाणपणासकट. यातल्या कुठल्या चार ओळी पत्रकाला घ्यायच्या ते तुमच्या घरात कात्री जिच्या हातात असते ती ठरवेल. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही. बायको वाचून दाखवेल आणि तुम्ही दुसऱ्या पानावर उठून कामाला लागाल. म्हणून मी वाचणाऱ्यांशीच बोलते. तुम्ही बसाल तेवढा वेळ ऐका.

तर मंडळी, या मिस्त्रींना आमच्या इमारतीत ओळंबा म्हणतात. नाव मीच ठेवलं. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळेचं वजन. ते वरून सोडायचं, हलायचं थांबलं की भिंत किती सरळ आहे ते कळतं. मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की चहा नाही, पाणी नाही, आधी खिडकीशी ओळंबा सोडतात आणि तो थांबेपर्यंत बोलत नाहीत. दुसऱ्यालाही बोलू देत नाहीत. अंगाने सडपातळ, उंच, मान किंचित खाली. लांबून बघितलं तर दोरी कुठली आणि मिस्त्री कुठले, सांगणं अवघड.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मी आणि माझी थोरली बहीण, दोघीच. ताई एक्क्याऐंशीची, मी पंचाहत्तरीला टेकलेली, तरी ती मला अजून 'धाकटे' म्हणूनच हाक मारते. इथली हवा म्हणजे ओलं फडकं. मिठाच्या बरणीत मीठ कमी आणि पाणी जास्त. चामड्याची चप्पल आठ दिवस घातली नाही तर तिच्यावर हिरवी मखमल चढते. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, नुसते कंटाळतात. अशा हवेत चाळीस वर्षं काढलेल्या आमच्या लाकडी खिडक्या दमट दिवसांत फुगून चौकटीत रुतून बसायच्या. उघडायला बुक्की लागायची, लावायला खांदा. ताईच्या खोलीतली तर अख्खे पाच महिने उघडलीच नाही. खालची फळी कुजून इतकी मऊ झाली होती की बुक्की मारली तर मूठ आत जाईल असं वाटायचं. ताईला दमा. पलंग खिडकीशी, आणि वारा मात्र शेजारच्या खोलीतून उसना आणायचा. भिंतीवरची काळी बुरशी चढत चढत तिच्या उशीपाशी आली, तेव्हा मी इमारतीच्या सभेत उभी राहिले आणि म्हणाले, खिडक्या बदला.

सगळ्यांचीच तीच गत होती. बावीस घरं. आमचे सेक्रेटरी म्हणाले, मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमला सगळं काम एकगठ्ठा देऊन टाकू. मला समोरच्या दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं होतं की त्याच शोरूममधला एक मिस्त्री बाहेर पडलाय, टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड घेऊन स्वतः खिडक्या करतोय, आणि दवाखान्याची एक खिडकी त्याने अशी बसवली आहे की ती वाजतच नाही. मी म्हटलं, त्यालाही विचारा. बरंच गुऱ्हाळ चाललं. शेवटी ठरलं असं: एक खिडकी मिस्त्रीने नमुना म्हणून ताईच्या खोलीत बसवायची. दोन महिने बघायची. टिकली तर बावीस घरांचं काम मिस्त्रीला, नाही तर शोरूमला.

मिस्त्रींना स्वतःच्या नावावर मोठं असं हे पहिलंच काम मिळणार होतं. मिळालं तर शेड चालणार. गेलं तर शेडला कुलूप आणि मिस्त्रींच्या पाठीवर पुन्हा शोरूमचं नाव छापलेला शर्ट. हे मिस्त्रिणीनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि सांगताना हसत होती. घाबरली की ती हसते, हे मला नंतर समजलं.

शोरूमचा माणूस आधी येऊन गेला होता. हातात पाटीएवढा टॅब, गळ्यात ओळखपत्र. अकरा मिनिटांत सगळं उरकलं. "सरकणारी घ्या आजी, सगळे तीच घेतात." मी एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. रसायनशास्त्राची पदवी आहे. 'सगळे घेतात' हे उत्तर मला चालत नाही. मी तक्ताच करून ठेवला होता: लाकूड, लोखंड, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, प्रत्येकापुढे गुण हिरव्या शाईत आणि दोष लाल.

मिस्त्री आले ते बायकोला घेऊन. ती बुटकी, गोल, तोंडाची टकळी सतत चालू. मी तक्ता काढून बोलायला सुरुवात केली, तर मिस्त्रींनी एक बोट वर केलं. माझ्या घरात. मला. ताई पलंगावरून म्हणाली, "धाकटे, तुला गप्प करणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघितला. यांनाच काम द्या."

ओळंबा झुलत होता आणि मी घड्याळ बघत होते. मिस्त्रीण माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "आमच्या घरी पहिल्यांदा आले ना, तेव्हा आधी दार चारदा उघडून-लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दार चांगलं निघालं म्हणून मी."

ओळंबा थांबला. तीन फुटांत भिंत पाऊण इंच कललेली निघाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि चाळीस वर्षं आम्ही शिव्या खिडकीला देत होतो.

मग मापं. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. आकडे जुन्या चौकटीवरच पेन्सिलीने लिहायचे. कागद हरवतो, चौकट हरवत नाही. सगळ्यांत लहान आकड्याखाली रेघ. खिडकी मोठी झाली तर भिंत फोडावी लागते, लहान झाली तर फट भरता येते, म्हणाले. मला वाटलं, आता तरी माझा तक्ता बघतील. तर विचारतात काय, "बाई, या खिडकीशी कोण असतं?"

मी ताईकडे बोट दाखवलं. वारा कधी येतो, त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, चारनंतर, उजव्या अंगाने. तेव्हा वाजले होते पावणेतीन. मिस्त्री पलंगाशी स्टूल ओढून बसले ते चार वाजेपर्यंत. मिस्त्रीण तेवढ्यात माझ्या घरातली सगळी कपाटं कुठे घासतात ते सांगून मोकळी झाली. चारला झडपेच्या फटीतून वारा आला, तो त्यांनी ओल्या बोटावर घेऊन बघितला, आणि मग टेप काढून ताईला म्हणाले, "हात लांब करा." पडल्यापडल्या तिचा हात कुठवर पोहोचतो त्याचं माप घेतलं. तोही आकडा चौकटीवर लिहिला. टेप परत गुंडाळला गेला तरी हात मात्र तिने बराच वेळ तसाच लांब ठेवला होता.

मग तक्ता. मिस्त्रिणीने मोठ्याने वाचला, मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकला आणि एकेक निकालात काढलं. लाकूड हवेतलं पाणी पितं. पितं तेव्हा फुगतं, सुकतं तेव्हा आक्रसतं, आणि इथल्या हवेला पुरून उरेल असं पिकलेलं लाकूड आता मिळत नाही. लोखंड गंजणार. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण सरकणारी खिडकी अर्धीच उघडते. अर्धा वारा काचेमागे अडतो आणि खालच्या रुळात चिखल साचतो. ताईंना बाहेर लोटायची, पूर्ण उघडणारी झडप हवी. चौकट कडक प्लास्टिकची, पण आत पोलादी पट्टी असलेली, नाही तर वर्षात झडप लोंबते. स्क्रू न गंजणारे. खालचा कट्टा बाहेरच्या अंगाला उतरता. आणि कडी नेहमीच्या उंचीवर नको, ताईंचा हात पोहोचतो तिथे.

माझ्या तक्त्यात कड्यांचा रकानाच नव्हता.

लाकडाविरुद्ध एवढं सगळं बोलत होते तेव्हा मिस्त्रींचा तळहात त्या जुन्या चौकटीवर होता, आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. कारण हा माणूस मुळात लाकडाचा. वडील सुतार, पितळी ओळंबा त्यांचाच. तीस वर्षं दारं-खिडक्या केल्या. मग लोक तयार खिडक्या घ्यायला लागले आणि रंधा खुंटीला गेला. पन्नाशीला मिस्त्री शोरूममध्ये नवशिके म्हणून लागले. शिकवणारा सव्वीस वर्षांचा. प्लास्टिकच्या पट्ट्यांचे कोपरे यंत्रात तापवून जोडतात. मिस्त्रींनी पहिल्या आठवड्यात दोनदा बोटं भाजून घेतली, कारण कोपरा जुळला की त्यावर हात फिरवून बघायची जन्माची सवय. तिथला नियम दिवसाला चार खिडक्या. मिस्त्रींच्या दोन व्हायच्या. मालक म्हणाला, "तुला खिडकी बसवायचीये की तिच्याशी संसार करायचाय?"

मिस्त्रींनी विचार करून सांगितलं, "घरातल्यांना करायचाय."

फाटलं ते शेवटी ओळंब्यावरून. मालकाचं म्हणणं, फार वेळ जातो, फटीत फुगणारा फेस मारा आणि पुढे चला. मिस्त्रींनी ओळंबा खिशात टाकला, अंगातला शर्ट काढून, घडी घालून मालकाच्या टेबलावर ठेवला आणि बनियनवर घरी आले. "मला वाटलं, वाटेत कोणी लुटलं," मिस्त्रीण म्हणाली. ती तेव्हा घरी दप्तरं शिवायची. शिलाईयंत्रावर चादर टाकून ती शेडमध्ये आली. जाळी कापणं, रबराच्या पट्ट्या बसवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, ही तीन खाती तिची. बोलण्याचं खातं मिस्त्रींनी तिला कधी दिलं नव्हतं. ते तिने आधीच ताब्यात घेतलं होतं.

आमची खिडकी बसायला दोन दिवस लागले. सेक्रेटरी दोनदा डोकावून गेले आणि दोन्ही वेळा म्हणाले, शोरूमवाल्यांनी एव्हाना अख्खा मजला उरकला असता. दुसऱ्या दिवशी चार वाजता ताईने पडल्यापडल्या हात लांब केला, कडी फिरवली आणि झडप लोटली. परत ओढून घ्यायला मिस्त्रिणीने कडीला दप्तराचा पट्टा शिवून दिला होता. ताईने तीनदा उघडली, तीनदा लावली. कोणालाही हाक न मारता तिला वारा मिळाला. याआधी असा मिळाल्याला किती वर्षं झाली होती ते मी मोजायला गेले नाही.

निघताना मिस्त्री खोलीच्या दारात थांबले. ताईच्या दिशेने बघत म्हणाले, "बाई, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवा. त्या चोंदल्या की सगळं आतल्या आत साठतं."

मला भरून आलं. माणूस खिडकीवाला, पण दम्याच्या माणसाची केवढी काळजी. म्हटलं, "ठेवते हो. रोज वाफ देते तिला." मिस्त्री जरा बुचकळ्यात पडल्यासारखे दिसले, पण वाद घालायचा त्यांचा स्वभाव नाही. मिस्त्रीण खाली टेम्पोत सामान भरत होती. ती वर असती तर पुढचं रामायण घडलं नसतं.

आणि मी खरोखर वाफ देऊ लागले. सकाळ-संध्याकाळ, पातेलंभर. आधीच घरातली हवा पिळली तर पाणी निघेल अशी, त्यात हे. ताई म्हणाली, "मला उकडून खायचा विचार आहे का तुझा?" मी म्हटलं, मिस्त्रींनी सांगितलंय. ती मुकाट्याने टॉवेल डोक्यावर घ्यायची, कारण मिस्त्रींचा शब्द तिला आता डॉक्टरच्या वर होता.

तिसऱ्या आठवड्यात झडप उघडून पुसत होते, तेव्हा चौकटीच्या खालच्या पन्हळीत मला दोन फटी दिसल्या. बोटभर लांब, काडीएवढ्या रुंद. त्यांतून मुंग्यांची रांग चालली होती. मला मुंग्यांचा राग आला आणि थोडा मिस्त्रींचाही. इतकं जपून केलेलं काम आणि फटी राहिल्या कशा? कारखान्यात आम्हाला पहिली शिकवण हीच होती की डब्याला टाचणीएवढं भोक दिसलं तरी बुजवायचं, मग दुसरं काम. घरात लांबीचा, म्हणजे फटी भरायच्या लगद्याचा, अर्धा डबा होताच. चाकूच्या टोकाने दोन्ही फटी इतक्या सफाईने भरल्या की पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. मुंग्या गेल्या. मिस्त्रींना कळवावं असंही वाटलं नाही. एवढ्यासाठी त्यांना तीन जिने कशाला चढायला लावा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दहा दिवसांनी पाऊस लागला तो सलग सहा दिवस. पाचव्या दिवशी दुपारी ताईने हाक मारली, "धाकटे, मी भिजतेय." जाऊन बघते तर खालची पन्हळ काठोकाठ भरून पाणी आत सांडत होतं. उशी, गादी, नुकतीच खरवडलेली भिंत, सगळं ओलं. पलंग ओढून खोलीच्या मध्यावर घेतला. ताईला धाप लागली होती. मी फोन उचलला आणि मिस्त्रींना जे बोलायचं नाही ते सगळं बोलले. शेवटी म्हटलं, तो ओळंबा आता घड्याळाला टांगा, निदान लंबक म्हणून कामाला येईल. पलीकडून फक्त "उद्या सकाळी येतो" एवढंच आलं.

त्यांच्याआधी सेक्रेटरी आले. माझा आवाज दोन मजले खाली ऐकू जातो. त्यांनी ओल्या गादीचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो बावीस घरांत पोहोचला. रविवारी सभा होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सगळी तयारी झाली, आणि दोर मीच वळून दिला होता.

सकाळी मिस्त्री आणि मिस्त्रीण भिजत आले. माझ्याकडे न बघता मिस्त्रींनी आधी ओळंबा सोडला. या वेळी मी आपण होऊन गप्प उभी राहिले, पण ते रागाने. चौकट सरळ निघाली. पन्हळीतलं पाणी त्यांनी फडक्याने टिपलं आणि तांब्याभर नवं पाणी ओतलं. पाणी जागचं हललं नाही. मिस्त्री वाकले, बोटाने चाचपत एका जागी थांबले, नखाने खरवडलं. लांबीची अख्खी कांडी निघाली आणि पाणी सुळकन बाहेर गेलं. कांडी तळहातावर घेऊन ते माझ्याकडे वळले.

"बाई, नाकपुड्या कोणी बुजवल्या?"

मी ताईच्या नाकाकडे बघितलं. ताईने माझ्याकडे. उमगलं आधी मिस्त्रिणीला, आणि ती हसत हसत जमिनीवरच बसली. शेडमधला शब्द होता तो, तिनेच पाडलेला. पाणी बाहेर जायच्या फटींना ती नाकपुड्या म्हणायची, आणि मिस्त्रींची समजूत की सगळं जग तसंच म्हणतं.

"म्हणजे महिनाभर मी वाफ घेतली," ताई म्हणाली, "ती खिडकीची?"

मिस्त्रींनी कांडी कागदात गुंडाळून खिशात ठेवली, दुसरी फट मोकळी केली, आणि मग हळू आवाजात सांगितलं की सभेत ते म्हणतील, रबर उलटं बसलं होतं, आता नीट केलं. तुम्ही जाणत्या बाई, या वयात चारचौघांत तुमचं नाव कशाला.

मिस्त्रिणीचं हसू थांबलं. "आणि काम?" तिने विचारलं.

"काम काय, येतं-जातं."

कडीचा पट्टा ओला झाला होता, तो सोडवून ती पिळायला लागली. त्यात पिळण्यासारखं पाणी नव्हतं. ताई तेवढं बघून मला म्हणाली, "धाकटे, या माणसाने माझ्या हाताचं माप घेतलंय."

तिने हे सांगायची खरं तर गरज नव्हती. तरी सांगितलं ते बरं झालं.

रविवारी खाली गाड्या लावतात त्या जागेत खुर्च्या टाकल्या होत्या. मिस्त्री आणि मिस्त्रीण जिन्याशी उभे. सेक्रेटरींनी गादीचा फोटो फिरवला; शोरूमचा कागद त्यांच्या हातात तयारच होता. मिस्त्रींनी रबराचं काढायच्या आत मी उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. म्हटलं, खिडकीत दोष नाही, फटी मी बुजवल्या. वाफेचंही सांगून टाकलं. लोक हसले. वाटलं, मिटलं.

पण सेक्रेटरी म्हणाले, "काकूंचं मन मोठं आहे. गरिबाच्या पोटाचा प्रश्न म्हणून त्या स्वतःवर घेतायत." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बघा आता. आयुष्यभर मी कोणाची चूक पोटात घातली नाही, सख्ख्या बहिणीची नाही, आणि एकदा खरं बोलले तर लोकांनी मला दयाळू ठरवलं. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता.

मिस्त्रीण जिन्याशीच उभी राहून म्हणाली, "बादली आहे का कोणाकडे?"

मग आमची वरात तीन जिने चढून वर. बारा माणसं ताईच्या खोलीत. ताईने पलंगावरून हुकूम सोडला, "चपला बाहेर. आणि माझ्या आणि खिडकीच्या मध्ये कोणी उभं राहायचं नाही." मी लांबीचा डबा आणला आणि सगळ्यांसमोर दोन्ही फटी पुन्हा बुजवल्या. इतक्या सफाईने की एक जण म्हणाला, काकूंना हातखंडा आहे हो. सेक्रेटरींना म्हटलं, ओता. त्यांनी ओतलं. पन्हळ भरली आणि पाणी आत उलटून थेट त्यांच्या मोज्यांवर आलं. मी ओली लांबी काढली. म्हटलं, आता ओता. या वेळी पाणी दोन नाकपुड्यांतून शिंकरल्यासारखं बाहेर गेलं. खालून एका बाईंचा आवाज आला, आत्ता घातलेल्या धुण्यावर वरून पाणी कोण टाकतंय. सेक्रेटरींनी खिडकीतून वाकून बघितलं. धुणं त्यांचंच होतं, आणि बाईही.

"मीच," ते म्हणाले.

त्या दिवशी बावीसांपैकी नऊ घरांनी होकार दिला. बाकीचे म्हणाले, अजून एक पाऊस बघू. मला चीड आली, पण मिस्त्रींना नाही आली. नऊ घरांत शेडचं भाडं सुटत होतं आणि त्यांना घाईने मिळालेलं काम आवडतही नसावं. पुढचा पाऊस झाला, ताईची गादी कोरडी राहिली, आणि आणखी अकरा घरं आली. दोघांनी शोरूमच्या सरकत्या खिडक्या घेतल्या. त्यांच्या रुळातला चिखल ते दर रविवारी दात घासायच्या जुन्या ब्रशने काढतात. सेक्रेटरी एकोणिसाव्या नंबरवर आले. मिस्त्रींनी त्यांच्याकडेही आधी ओळंबा सोडला आणि एक बोट वर केलं. त्यांना गप्प उभं राहिलेलं बघायला मी मुद्दाम गेले होते.

मिस्त्रीण आता प्रत्येक चौकटीला आतून एक चिठ्ठी चिकटवते. बाण काढलेला, आणि शेजारी छापलेलं: 'ही खिडकीची नाकपुडी आहे. बुजवू नये. पदवीधरांनी विशेष लक्ष द्यावे.' मी हरकत घेतली, तेव्हा म्हणाली, बाई, तेवढं वाचूनच लोक हसतात आणि लक्षात ठेवतात. मुंग्यांसाठी ती फटीत बारीक जाळी बसवते. हेही माझ्यामुळेच सुचलं, पण त्याचं श्रेय चिठ्ठीत नाही.

शेड चालू आहे. शेजारच्या दोन इमारतींची कामं झाली, तिसरीची मापं चालली आहेत, म्हणून तर हे पत्रक. मिस्त्रींच्या दिवसाला अजून दोनच खिडक्या होतात. ताईचा दमा गेलेला नाही, तो जाणारा नाही. पण भिंतीवर पुन्हा काळं आलं नाही, आणि चार वाजता मी स्वयंपाकघरात असले तरी पलीकडून कडी फिरल्याचा आवाज येतो.

मिस्त्री, बसला आहात का अजून? मग हे शेवटचं तुमच्याशी. नऊ घरांची पहिली यादी केली तेव्हा मीच म्हणाले होते की घोळ ज्याने घातला त्याची राहिलेली खिडकी रांगेत शेवटी. तरी त्याच आठवड्यात येऊन तुम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला ओळंबा सोडलात, मापं घेतलीत, चौकटीवर लिहून ठेवलीत. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. तुम्ही दर वेळी फोनवर म्हणता, बाई, तेवढी तुमची एक राहिली, या आठवड्यात येतो. मी म्हणते, या. तुम्ही येत नाही आणि मी, जी नळवाल्याला दिवसातून तीनदा फोन करते, ती तुम्हाला आठवण करत नाही. खिडकी फुगली आहे. रोज सकाळी बुक्की मारून उघडते. चौकट पुसते तेव्हा तुमच्या आकड्यांची जागा सोडून पुसते. पेन्सिल अजून स्पष्ट आहे, आणि सगळ्यांत लहान आकड्याखाली रेघ आहे.